वायफाय जोडणी, लॅपटॉपमधील : दोष व निदान

लॅपटॉप आणि राउटर यांच्यातील बिनतारी जोडणी मंदावणे, वारंवार तुटणे किंवा जोडलेली दिसूनही काहीच न उघडणे, या दोषांचे मूळ चार ठिकाणी असू शकते : घरात येणारी इंटरनेटची तार, राउटर, मधली हवा व भिंती, आणि खुद्द लॅपटॉप. वापरणाऱ्याला चारही ठिकाणचे दोष सारखेच दिसतात. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी दोषाची जागा ठरवणे हे या विषयातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि बहुधा तेच टाळले जाते.

वायफायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. २०१८ पासून नंतरच्या पिढ्यांना वायफाय ४, ५, ६ अशी सुटसुटीत नावे मिळाली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधील मुक्त जागा ऑक्टोबर २०१८ मध्ये ६०५ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आली. परवाना नाही म्हणून हे पट्टे कुणाच्याच मालकीचे नाहीत. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाने पाठवायचे आणि बाकीच्यांनी कानोसा घेत थांबायचे, असा नियम आहे. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच रांगेत उभे असतात. जोडणीच्या लहरीपणाचे बरेचसे कारण या सामायिकपणात आहे.

पहिली चाचणी साधी आहे. कमांड प्रॉम्प्टमधून आधी राउटरला पिंग करावे. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग ८.८.८.८ यासारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करावे. राउटरकडून काही मिलिसेकंदांत सलग उत्तरे येत असतील आणि बाहेरून येत नसतील, तर वायफाय निर्दोष आहे. बिघाड राउटरच्या पलीकडे आहे. राउटरच उत्तर चुकवत असेल किंवा मध्येच शेकडो मिलिसेकंद घेत असेल, तर दोष हवेत, लॅपटॉपमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. अशा वेळी फोन त्याच जागी ठेवून पाहावा. फोन सुरळीत चालला तर संशय लॅपटॉपवर जातो. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही असे समजावे. तेव्हा ती जोडणी ‘विसरायला’ लावून पुन्हा जोडणे किंवा राउटर बंद करून चालू करणे हा उपाय लागू पडतो.

संदेशाची ताकद पडद्यावरच्या दांड्यांवरून ठरवू नये. ती डीबीएममध्ये मोजतात. हे माप लॉगॅरिदमी असल्याने आकडा १० ने घसरला की शक्ती दहापट कमी होते. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ च्या आसपासपर्यंत चालते. उणे ८० च्या खाली जोडणी टिकणे कठीण. विंडोजमध्ये ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा (अर्थात रोमन अक्षरांत) दिली की ताकद टक्क्यांत दिसते, आणि इथे फसगत होते. मायक्रोसॉफ्टच्या मोजपट्टीत १०० टक्के म्हणजे उणे ५० आणि शून्य टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम. त्या हिशेबाने ६० टक्के म्हणजे उणे ७०. आकडा निम्म्याहून जास्त वाटतो, पण पोहोचलेली शक्ती १०० टक्क्यांच्या वेळच्या शक्तीचा शंभरावा हिस्सा असते. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केल्यास ताकद आणि गोंगाट दोन्ही डीबीएममध्ये दिसतात. दोहोंतील अंतर जास्त महत्त्वाचे, कारण ताकद चांगली असूनही गोंगाट मोठा असेल तर संदेश वाचता येत नाही.

ताकद कमी असण्याचे नेहमीचे कारण राउटरची जागा हेच असते. फायबरची तार दारातून येते म्हणून राउटर चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसवला जातो, आणि लॅपटॉप दोन खोल्या पलीकडे असतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की ६ डीबी जातात. भिंती त्याहून कितीतरी जास्त खातात. सळयांचे काँक्रीट, लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी हे मोठे अडथळे. पाणी या लहरी शोषते, म्हणून ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. कोकण-गोव्यातील चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरांत पावसाळ्यात हे ध्यानात ठेवावे. ५ गिगाहर्ट्झवर जोडणीचा वेग जास्त मिळतो, पण त्या लहरी भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हार मानतात. राउटर घराच्या मध्याशी, उंचावर आणि उघड्यावर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. विकतच्या उपायांआधी तोच करावा.

ताकद असूनही जोडणी अडखळत असेल तर गोंगाट शोधावा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १३ चॅनेल आहेत, पण त्यांच्या मध्यबिंदूंत जेमतेम ५ मेगाहर्ट्झचे अंतर आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून १, ६ आणि ११ हेच तीन एकमेकांवर न चढणारे चॅनेल म्हणून वापरले जातात. दाट वस्तीच्या सोसायटीत या तिघांवर डझनावारी राउटर असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाणेच शहाणपणाचे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. ब्लूटूथही याच पट्ट्यात आहे आणि अनेक लॅपटॉपमध्ये ते वायफायशी एकच कार्ड आणि अँटेना वाटून घेते, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोन लावताच कॉल तुटू लागणे हा खरा, निदान करता येणारा दोष आहे. आणखी एक सहसा न सुचणारे कारण यूएसबी ३. त्याच्या उपकरणांतून व तारांतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजमापांसह दाखवले. बाहेरची हार्डडिस्क लावल्यावर नेट मंदावत असेल, तर ती लांब तारेने दूर ठेवावी किंवा ५ गिगाहर्ट्झ वापरावे.

लॅपटॉपमधील दोषांत वीजबचत अग्रभागी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाकता येते. चार्जर लावल्यावर तक्रार नाहीशी होत असेल तर आधी हेच तपासावे. ड्रायव्हर लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या स्थळावरून घ्यावा, आणि विंडोज अद्ययावत केल्यावर दोष सुरू झाला असेल तर ड्रायव्हरची मागची आवृत्ती परत आणावी. दोन राउटरांच्या घरात कोणाला जोडून राहायचे हे लॅपटॉप ठरवतो, आणि काही कार्डे दूरच्या, क्षीण राउटरला चिकटून बसतात. वायफाय बंद करून चालू केल्यास त्यातून सुटका होते. विंडोजमधील ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने दिल्यास गेल्या तीन दिवसांतील प्रत्येक जोडणी व तुटणे कारणासह मिळते. हे साधन मोलाचे असूनही फार थोड्यांना माहीत असते.

अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतात आणि बिजागरीतून येणाऱ्या दोन बारीक तारांनी कार्डाला जोडलेल्या असतात. पडदा, बिजागरी किंवा कीबोर्ड बदलल्यानंतर रेंज घटली, तर त्या तारांचे दाबून बसवलेले टोक सुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. राउटरजवळ ठीक आणि चार पावलांवर शून्य, ही त्याची खूण. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कार्ड स्वस्तात बदलता येते. ते मदरबोर्डवर डाखलेले असेल तर यूएसबी अडॅप्टर हा पर्याय उरतो.

रेंज वाढवण्यासाठी लावलेला, एकच रेडिओ असलेला रिपीटर राउटरचे तेच शब्द ऐकून पुन्हा सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय आधीच क्षीण झालेल्या जागी लावला तर तो क्षीणताच पुढे पोहोचवतो. दुसऱ्या राउटरपर्यंत इथरनेटची तार ओढणे त्रासाचे, पण खात्रीचे. सेवा पुरवणाऱ्याकडे तक्रार करण्याआधी लॅपटॉप तारेने राउटरला जोडून वेग मोजावा आणि तो आकडा वेळेसह लिहून ठेवावा. तारेवरही वेग कमी आला, तरच ती तक्रार त्याची आहे.