थायरॉईडची गोळी ‘गरम पडते’ का? थायरॉक्सिनचे दुष्परिणाम आणि त्यावरचे उपाय

हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे. या आजारात लिव्होथायरॉक्सिनची गोळी अनेक वर्षे आणि कित्येकांना आयुष्यभर घ्यावी लागते. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन ही तिची आपल्याकडची परिचित नावे. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही जणांना छातीत धडधड, हातांना कंप, घाम, झोप न लागणे असे त्रास जाणवतात. मग ‘मला ही गोळी गरम पडते’ असे म्हणून ती परस्पर बंद केली जाते. असे करू नका. यातील बहुतेक त्रासांवर गोळी बंद करणे हा उपाय नसून डोस नीट बसवणे हा उपाय आहे.

त्रास गोळीचा की डोसचा?

तुमची थायरॉईड ग्रंथी जे थायरॉक्सिन हार्मोन तयार करते, तेच या गोळीत असते. शरीराला ते परके नाही. म्हणून योग्य डोस असेल तर दुष्परिणाम सहसा होत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः डोस गरजेपेक्षा जास्त किंवा कमी असल्यामुळे.

डोस जास्त झाल्यास:
- छातीत धडधड, नाडी जलद चालणे
- हातांना कंप, घाम, उकाडा सहन न होणे
- झोप न लागणे, चिडचिड, बेचैनी
- भूक असूनही वजन उतरणे, वारंवार शौचाला होणे
- पाळी अनियमित होणे

डोस कमी पडल्यास:
- थकवा, सुस्ती, सतत झोप येणे
- थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता
- अंगावर सूज, कोरडी त्वचा, वजन वाढणे
- पाळीत जास्त रक्तस्राव

केस गळणे, थकवा आणि पाळीच्या तक्रारी दोन्ही बाजूंना दिसतात. त्यामुळे लक्षणांवरून अंदाज बांधून डोस कमी-जास्त करू नका. रक्तातील टीएसएच तपासल्यावर चित्र स्पष्ट होते.

टीएसएचचा रिपोर्ट कसा वाचावा?

टीएसएच हा मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला दिलेला आदेश असतो. हार्मोन कमी पडले की आदेश वाढतो आणि हार्मोन जास्त झाले की तो कमी होतो. म्हणजेच टीएसएच जास्त असेल तर डोस अपुरा आहे आणि टीएसएच फार कमी असेल तर डोस जास्त होतो आहे. इथे अनेकांची गल्लत होते. ‘टीएसएच कमी आला, आता थायरॉईड बरा झाला’ असे समजू नका.

बहुतेक प्रयोगशाळांमध्ये प्रौढांची सामान्य मर्यादा साधारण 0.4 ते 4 च्या आसपास असते. वय, गर्भारपण आणि हृदयाची स्थिती पाहून डॉक्टर तुमच्यासाठी वेगळी मर्यादा ठरवू शकतात.

थायरॉक्सिन शरीरात सावकाश साठते आणि सावकाशच उतरते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे 7 दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी तपासतात. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करू शकते.

चहाबरोबर घेतलेली गोळी आणि वाढत गेलेला डोस

डोस जास्त होण्याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच असते. सकाळी चहाबरोबर गोळी घेतली की ती पुरेशी शोषली जात नाही. टीएसएच वाढलेला येतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कोणी सांगितले म्हणून रुग्ण तीच गोळी रिकाम्या पोटी घेऊ लागतो. आता वाढवलेला डोस पूर्ण शोषला जातो आणि धडधड सुरू होते. म्हणून डोस वाढवायची वेळ आली तर गोळी कशी घेता, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. विसरलेल्या गोळ्यांचेही सांगा.

गोळी घेण्याची योग्य पद्धत:
- सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर घ्या.
- त्यानंतर 30 ते 60 मिनिटे चहा, कॉफी, दूध किंवा नाश्ता घेऊ नका.
- लोह, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीवरची अँटासिड औषधे यांत 4 तासांचे अंतर ठेवा.
- सकाळी जमत नसेल तर रात्री जेवणानंतर किमान 3 तासांनी घेता येते. मात्र जी वेळ ठरवाल ती पाळा.
- बाटली ओलावा, ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवा. गॅसजवळची फळी त्यासाठी योग्य नाही.
- शक्यतो एकच कंपनीची गोळी घ्या. ती बदलावी लागली तर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासा.

घरी नवी बाटली आली की तिच्यावरचे मायक्रोग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. 25, 50, 75, 100 अशा अनेक ताकदींच्या गोळ्या मिळतात आणि बाटल्या सारख्याच दिसतात. घरात दोघांना थायरॉईड असेल तर बाटल्यांवर नावे लिहून ठेवा.

कोणत्या त्रासात काय करावे?

*धडधड, कंप, घाम:* शांत बसून एक मिनिटभर नाडी मोजा आणि लिहून ठेवा. चहा-कॉफी कमी करा. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. डोस किती कमी करायचा हे ते ठरवतील. टीएसएच योग्य असूनही धडधड होत असेल तर रक्तक्षय, रजोनिवृत्ती, चिंता किंवा हृदयाचा आजार अशी इतर कारणे शोधावी लागतात.

*केस गळणे:* उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत केस जास्त गळू शकतात. हे सहसा तात्पुरते असते. हिमोग्लोबिन आणि लोहाचे प्रमाण तपासून घ्या. केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये बहुधा बायोटिन असते आणि त्यामुळे थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. तपासणीच्या किमान 2 दिवस आधी ते बंद ठेवा.

*झोप न लागणे:* डोस तपासा. रात्री गोळी घेत असाल आणि झोप बिघडत असेल तर सकाळची वेळ ठरवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

*वजन:* ही वजन उतरवण्याची गोळी नाही. त्यासाठी डोस वाढवून घेणे हृदयासाठी धोक्याचे आहे.

*अंगावर पुरळ, खाज:* हे क्वचित होते आणि बहुधा गोळीतील रंग किंवा इतर घटकांमुळे होते. गोळी डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या कंपनीची गोळी चालू शकते.

यांनी जास्त काळजी घ्यावी

*ज्येष्ठ आणि हृदयरुग्ण:* यांना 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात. बराच काळ डोस जास्त राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो. वृद्धांमध्ये कंप, घाम ही लक्षणे ठळक नसतात. आई-बाबांचे वजन उगाच उतरत असेल किंवा त्यांना दम लागत असेल तर घरच्यांनीच लक्ष घालावे.

*रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया:* जास्त डोसमुळे हाडे ठिसूळ होतात. वर्षातून किमान एकदा टीएसएच तपासा.

*गर्भवती:* गोळी बंद करू नका. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी आईचे थायरॉईड हार्मोन आवश्यक असते. गर्भारपणात गरज बहुधा वाढते, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटा.

*इतर औषधे घेणारे:* थायरॉक्सिनमुळे वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम वाढू शकतो आणि मधुमेहाच्या औषधांचा डोस बदलावा लागू शकतो. अश्वगंधेसारखे आयुर्वेदिक औषध घेत असाल तर तेही सांगा.

गोळी बंद केली तर?

पहिले काही दिवस फरक जाणवत नाही, उलट बरे वाटते. कारण शरीरात आधीचा साठा असतो. त्यामुळे ‘गोळीची गरजच नव्हती’ असा समज होतो. काही आठवड्यांनी थकवा, सूज, कोलेस्टेरॉल वाढणे सुरू होते. दीर्घकाळ उपचार न घेतलेल्या, विशेषतः वृद्ध रुग्णांमध्ये क्वचित जीवघेणी अवस्थाही येऊ शकते.

लगेच रुग्णालयात जा

- छातीत दुखणे किंवा दम लागणे
- चक्कर येऊन शुद्ध हरपणे
- विश्रांती घेऊनही नाडी फार जलद किंवा अनियमित राहणे
- लहान मुलाने चुकून गोळ्या गिळणे
- थायरॉईड रुग्णाला गुंगी येणे, अंग थंड पडणे

महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सकाळी गोळी विसरलो तर?*
त्याच दिवशी पोट रिकामे असेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशीच आठवले तर नेहमीची एकच गोळी घ्या.

*उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी का?*
हो, नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर घ्या. रोज्यात सहरीच्या आधी किंवा रात्री झोपताना घेता येते. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

*रक्त तपासणीच्या दिवशी?*
रक्त दिल्यानंतर गोळी घ्या. डबी बरोबर ठेवली तर विसरणार नाही.

*रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू का?*
नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळी चालू आहे म्हणून. डोस कमी करायचा किंवा गोळी थांबवायची, हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे असते.