कुलपाबाहेरचे विज्ञान

मुलांनी हाताशी येईल त्या वस्तूतून खेळणे करावे, ही महाराष्ट्रात शाळेपेक्षा जुनी रीत आहे. ज्वारीची काढणी झाली की शिवारात पडलेली ताटे मुले गोळा करत. वरची कडक साल सोलायची, आतल्या मऊ गराचे तुकडे करायचे आणि सालीच्याच काड्या त्यांत खुपसून बैलगाडी उभी करायची. खिळा नको, डिंक नको. आंबे संपत आले की रुजलेली कोय दगडावर घासून तिची पुंगी होई. बेंदूर-पोळ्याला चिखलाचे बैल होत, दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राही आणि त्यावर पेरलेले हळीव चार दिवसांत हिरवेगार होई. या उद्योगांना कोणी विज्ञान म्हणत नसे. तरी जोड कसा टिकतो, आवाज कशाने होतो, बी किती पाण्यावर रुजते आणि किती पाण्याने कुजते, एवढे ज्ञान त्यांतून सहज हाती लागत होते.

याच्या जोडीला जत्रेतली खेळणी होती. कागदाचे भिरभिरे, चाके फिरली की ताणलेल्या कागदी पडद्यावर काड्या आपटणारी ढोलगाडी, परातीतल्या पाण्यात फटफट करत फिरणारी पत्र्याची होडी. या होडीचे पेटंट थॉमस पिओ याने ब्रिटनमध्ये 1891 मध्ये घेतले होते. आत पेटत्या वातीवर पाण्याची वाफ होते आणि ती नळीतले पाणी मागे फेकते. वाफ थंड झाली की नळी पुन्हा पाणी ओढून घेते. पाणी बाहेर जाते ते एका दिशेने झोत होऊन, आत येते ते चहूबाजूंनी, म्हणून होडी मागे न सरकता पुढे जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले प्राध्यापक सुदर्शन खन्ना यांनी अशा देशी खेळण्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि 1983 मध्ये त्यांवर पुस्तक काढले. रस्त्याकडेला बसून खेळणी विकणाऱ्या कारागिराच्या हातात यंत्रशास्त्र आणि ध्वनिशास्त्र किती पक्के असते, हे त्या कामामुळे शिकल्यासवरल्या लोकांच्या नजरेस आले.

शाळेतले विज्ञान मात्र वेगळ्या वाटेने आले. ते पुस्तकातून आले आणि त्याची साधने काचेच्या कपाटात बसली. परीक्षानळी फुटली तर भरपाई कोण देणार, या धास्तीने कपाटाला कुलूप लागे. प्रयोग झालाच तर शिक्षक टेबलावर करून दाखवत आणि मुले बाकावरून पाहत. मराठीतून विज्ञान घरोघर पोहोचवण्याचे प्रयत्न याच काळात सुरू झाले होते. प्रा. गो. रा. परांजपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1928 मध्ये सुरू केलेले ‘सृष्टिज्ञान’ मासिक त्यांतले एक. पण वाचण्याचे विज्ञान आणि करण्याचे विज्ञान यांत अंतर राहिलेच.

ते अंतर कमी करण्याची महाराष्ट्रातली पहिली मोठी खटपट विज्ञानाच्या नव्हे, तर बालशिक्षणाच्या क्षेत्रात झाली. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केले होते. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरीची साधने घोटीव, मोजून-मापून केलेली आणि म्हणूनच महाग. खेड्यातल्या बालवाडीला ती परवडणारी नव्हती. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू झाले तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, गारगोट्या, बिया, पाने अशा परिसरातल्या वस्तूंतून साधने उभी केली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे त्यांतून शिकता येत होते. 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. स्वस्त साधन म्हणजे महागाची गरिबांसाठी केलेली नक्कल नव्हे, हे बोर्डी-कोसबाडने दाखवून दिले. ज्या वस्तूशी मुलाची आधीच ओळख आहे तिच्यापासून सुरुवात केली की शिकणे लवकर रुजते. पुढच्या पन्नास वर्षांत या विषयात जे काही चांगले झाले त्याच्या मुळाशी हाच विचार आहे, आणि बालशिक्षणाबाहेर ताराबाईंना त्याचे श्रेय फार थोडे मिळाले.

याच सुमारास युरोपात वेगळ्या कारणाने असाच शोध चालला होता. दुसऱ्या महायुद्धात शाळांच्या प्रयोगशाळा बेचिराख झाल्या होत्या. अशा देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफनसन यांनी साध्या वस्तूंतून उपकरणे कशी करावीत याची पुस्तिका लिहिली आणि युनेस्कोने ती 1948 मध्ये काढली. ती इतकी उपयोगी ठरली की तिच्यात भर घालून 1956 मध्ये युनेस्कोचे विज्ञान शिक्षणाचे मोठे साधनपुस्तक तयार झाले. पुढे त्याची जगातल्या अनेक भाषांत भाषांतरे झाली. विकसनशील देशांतल्या शिक्षकांपुढे ‘प्रयोगशाळा नाही, मग प्रयोग कसा करायचा’ हा जो प्रश्न होता, त्याला पहिले ठोस उत्तर या पुस्तकाने दिले.

भारतात त्या उत्तराला खेड्यातल्या सरकारी शाळेत उतरवले ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्याने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले रेणुजीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल संशोधन सोडून तिकडे गेले आणि ‘किशोर भारती’ ही संस्था उभी राहिली. रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरबरोबर तिने 1972 मध्ये 16 उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्टी काढून शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरांना येत. ‘बाल वैज्ञानिक’ या कार्यपुस्तकांत तयार उत्तरे नव्हती. मुलांनी टोळी करून प्रयोग करायचा, निरीक्षण मांडायचे, वाद घालायचा आणि मगच निष्कर्ष लिहायचा. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा होती. मुलांना प्रश्न पडला की ती ‘सवालीराम’ नावाच्या कल्पित माणसाला पत्र लिहीत आणि खऱ्या माणसांनी कष्टाने तयार केलेले उत्तर त्यांना टपालाने येई.

साधनांच्या बाबतीत या मंडळींनी आजूबाजूला डोळे उघडे ठेवून पाहिले. फुलाची चिरफाड करायला सुईऐवजी बाभळीचा काटा पुरतो. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीची स्पिरिटची चिमणी होते. 1978 मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यातून वर्षभराची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंते इथे आले. आयआयटी कानपूरला शिकत असताना त्यांनी सद्गोपाल यांचे भाषण ऐकले होते. गावच्या आठवडी बाजारात स्वस्त वस्तू न्याहाळताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळाली आणि तिच्यात आगकाडी घट्ट बसते हे लक्षात आले. पुढचे सारे या एका जोडातून निघाले.

हा जोड नीट समजून घेण्यासारखा आहे. काड्यांचा गुल खरवडून टाकायचा. व्हॉल्व्ह ट्यूबचा सेंटीमीटरभर तुकडा घेऊन दोन्ही टोकांनी एकेक काडी आत सरकवायची की कोपरासारखा वाकणारा सांधा तयार होतो. असे तीन सांधे आणि तीन काड्या जोडल्या की त्रिकोण. चार जोडल्या की चौरस. आता चौरसाला बोटाने दाबले तर तो कलंडून समभुज चौकोन होतो, त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. छपराच्या कैच्यांत आणि लोखंडी पुलांत इतके त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाला बोटांनी कळते. सांध्याच्या मधोमध काट्याने भोक पाडून तिसरी काडी खुपसता येते. त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत अशा काड्या उभ्या करून वर एकत्र आणल्या की चतुष्फलक उभा राहतो. नळीच्या एका तुकड्यातून दुसरा ओवला की चार तोंडांचा सांधा होतो आणि त्याने मिथेनच्या रेणूतला कार्बन दाखवता येतो. भूमिती, इमारतशास्त्र आणि रसायन एकाच काडेपेटीत मावतात. वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे हे सामान असू शकते, तुटले तर कोणी ओरडत नाही, आणि घरी धाकट्या भावंडापुढे तोच तास पुन्हा घेता येतो.

गुप्तांच्या पुस्तकांतून घरोघर पोहोचलेली दुसरी कृती विजेच्या मोटरची. सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा कापून टॉर्चच्या सेलवर लांबीच्या बाजूने चढवायचा आणि त्याच्या आधाराने सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना उभ्या करायच्या. सेलच्या अंगावर एक चुंबक ठेवायचा. एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे दहा वेढे देऊन वेटोळे करायचे आणि तारेची दोन टोके पिनांच्या छिद्रांत आसासारखी बसवायची. सगळी गंमत एनॅमल खरवडण्यात आहे. एक टोक पूर्ण खरवडायचे, दुसऱ्या टोकाला एका बाजूने एनॅमल राहू द्यायचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर अर्धा फेरा झाल्यावर चुंबकाचा जोर उलटतो आणि वेटोळे पुढे-मागे डुलत राहते. एनॅमलची बाजू पिनेला टेकली की वीज तुटते, आधीच्या वेगावर फेरा पूर्ण होतो आणि पुन्हा वीज मिळते. कारखान्यातल्या मोटरमध्ये हेच काम कॉम्युटेटर करतो. बहुतेक मुलांची मोटर पहिल्या खेपेला फिरत नाही. मग ती वेटोळे सरळ करतात, तार पुन्हा घासतात, सेल बदलून पाहतात. पाठ्यपुस्तकातली आकृती पाठ करून ही धडपड कोणाच्या वाट्याला येत नाही, आणि शिकण्याचा सगळ्यात मोलाचा भाग नेमका तिच्यात आहे.

होशंगाबादचा कार्यक्रम 1978 मध्ये पूर्ण जिल्ह्यात लागू झाला. 1982 मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली. तिने 1985 मध्ये ‘चकमक’ हे मुलांचे मासिक काढले आणि गुप्तांचे ‘कबाड़ से जुगाड़’ हे पुस्तकही छापले. कार्यक्रम राज्यातल्या अनेक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांपर्यंत पोहोचला. 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेला, हजारो शिक्षकांच्या हातून घडलेला प्रयोग एका आदेशाने थांबावा, हे भारतीय शिक्षणाच्या इतिहासातले मोठे नुकसान आहे.

महाराष्ट्रात या परंपरेला घर मिळाले ते पुण्यात. त्याआधी 1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले होते आणि त्याने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात ग्रामीण शाळांबरोबर काम केले होते. पुणे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी ‘आयुका’ ही संशोधन संस्था उभारली, तेव्हा खगोलशास्त्राच्या संशोधनाइतकाच शाळकरी मुलांचाही विचार केला. दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्याने होत. सही मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, सहीसकट उत्तर येईल, आणि ते येई. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. अरविंद गुप्ता आणि त्यांचे सहकारी दशकभर तिथे मुलांना खेळणी करायला शिकवत राहिले. गुप्तांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी शेकडो खेळण्यांच्या कृती छायाचित्रे आणि छोट्या चित्रफितींतून इंटरनेटवर ठेवल्या. त्यांतल्या कितीतरी मराठीत आहेत आणि कशालाच पैसे पडत नाहीत.

शाळांच्या चौकटीत मात्र याच कल्पनेला वेगळे वळण लागले. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्रात तो विषय वेळापत्रकात आला, त्याला वही आली, गुण आले. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द प्रत्येक घरात पोहोचले. हळूहळू प्रकल्पाचे सामान स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळू लागले, थर्माकोलचे ज्वालामुखी रंगवून मिळू लागले आणि आदल्या रात्री जागून प्रकल्प पूर्ण करण्याची पाळी आई-वडिलांवर आली. 2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, पण दुकानातून प्रकल्प आणण्याची सवय गेली नाही. जे काम मुलाने स्वतः मोडून-जोडून करायचे, ते मोठ्यांनी सुबक करून दिले तर त्यात मुलाच्या हाती काहीच लागत नाही, कागदाचा खर्च तेवढा होतो. शिक्षकांनी वेडावाकडा, पण मुलाच्या हातचा प्रकल्प सुबक विकतच्या प्रकल्पापेक्षा वर ठेवायला हवा. पालकांनी तारेचे वेटोळे स्वतः सरळ करून देण्याचा मोह आवरावा. विजेच्या मोटरला लागणारा सेल आणि चुंबक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. जुनी ट्यूब सायकल दुरुस्तीवाला फुकट देतो.