मिड सफोक डिस्ट्रिक्ट कौन्सिल निवडणूक, 2023

पूर्व इंग्लंडमधील सफोक काऊंटीत 4 मे 2023 रोजी झालेली स्थानिक निवडणूक. तीत ग्रीन पक्षाने 34 पैकी 24 जागा जिंकल्या. ब्रिटनमधील एखाद्या कौन्सिलवर या पक्षाला स्वबळावर बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. कन्झर्व्हेटिव्ह पक्ष 6 जागांवर आला, लिबरल डेमोक्रॅटांना 4 मिळाल्या. 2019 मध्ये कन्झर्व्हेटिव्ह 16, ग्रीन 12, लिबरल डेमोक्रॅट 5 व अपक्ष 1 असे बलाबल होते. मजूर पक्षाला दोन्ही वेळा खाते उघडता आले नाही.

कौन्सिलची स्थापना 1974 ची, क्षेत्र 871 चौ. किमी. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 1 लाख 3 हजार होती. स्टोमार्केट, नीडहॅम मार्केट आणि आय ही छोटी शहरे सोडली तर बाकी सगळी शेती आणि खेडी. बांधकाम परवानग्या, घरकुले व कचरा उचलणे ही कामे या कौन्सिलकडे. शाळा, रस्ते आणि वृद्धांची देखभाल काऊंटीकडे.

निकालाचे खरे महत्त्व तो कुठे लागला यात आहे. ग्रीन पक्षाच्या पहिल्या खासदार कॅरोलाइन लुकस 2010 मध्ये ब्रायटनमधून निवडून आल्या. तिथल्याच कौन्सिलवर 2011 मध्ये पक्ष सर्वांत मोठा ठरला, पण 54 पैकी 23 जागांवर थांबला. त्यामुळे हा विद्यापीठांच्या शहरांतला पक्ष, असा समज पक्का झाला होता. तो मिड सफोकच्या शेतकरी गावांनी मोडला. लंडनमधल्या सरकारवरचा राग या निकालात होताच, पण 2019 मधल्या 12 जागा पाहता तेवढे कारण पुरत नाही. इथे एका सदस्यामागे सरासरी 3 हजार वस्ती. एवढ्याशा वॉर्डात उमेदवाराचे काम दारोदार माहीत असते, आणि गावच्या सभागृहात पेन्सिलीने फुली मारणारा मतदार बऱ्याचदा पक्षाआधी माणूस पाहतो.

मतपद्धतीचा वाटाही नोंदवायला हवा. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या नियमामुळे 2019 च्या संसदीय निवडणुकीत साडेआठ लाखांहून अधिक मते मिळवूनही ग्रीन पक्षाचा एकच खासदार झाला. मिड सफोकमध्ये त्याच नियमाखाली पक्षाच्या पदरात 70 टक्के जागा पडल्या.

निकालानंतर ग्रीन पक्षाचे अँडी मेलन कौन्सिलचे नेते झाले. जुलै 2024 मध्ये एड्रियन रॅमसे वेव्हनी व्हॅलीतून ग्रीन पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. मिड सफोकचा काही भाग त्या मतदारसंघात मोडतो.