चौसष्ट बाइटांचा तक्ता

सन २००० मध्ये पुण्यात आम्हा चौघांत मिळून एक कॉम्प्युटर होता. हार्ड डिस्क १० जीबीची. मला प्रोजेक्टसाठी लिनक्स हवे होते, बाकी तिघांना विंडोज ९८. म्हणून वाटणी केली: पुढची साडेआठ जीबी विंडोजला, मागचा तुकडा लिनक्सला. रात्री अकराला इन्स्टॉलेशन संपले, मशीन रीस्टार्ट केले. काळ्या पडद्यावर ‘एल’ हे एकच अक्षर उमटले आणि त्यामागे ०१ ०१ ०१ अशी आकड्यांची रांग धावत सुटली.

‘लिलो’ हा त्या काळचा लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम चालू करून देणारा प्रोग्रॅम. एकेक टप्पा पार झाला की तो आपल्या इंग्रजी नावाचे एकेक अक्षर दाखवी. आमचा पहिल्याच अक्षरावर अडला होता.

कारण शोधता शोधता मी १९८३ पर्यंत मागे गेलो. त्या मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. डिस्क १० एमबीची, सोबत डॉस २.० आणि त्यातला डिस्कची वाटणी करणारा एफडिस्क. एकाच डिस्कवर डॉसशेजारी दुसरी सिस्टिमही नांदावी, ही सोय तेव्हाच केलेली होती. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ सुरुवातीच्या कोडला, शेवटचे २ खुणेला आणि मधले ६४ वाटणीच्या तक्त्याला. एका हिश्शाची नोंद १६ बाइटांची, म्हणून मूळ हिस्से चारच. कुठल्या हिश्शातून बूट व्हायचे, तेही एका बाइटात लिहिलेले. इतक्या कमी जागेत इतका दूरचा विचार मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

पण सिलिंडरचा, म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या गटाचा, आकडा लिहायला त्या नोंदीत १० बिटच होते, आणि मशीन सुरू होताना डिस्क वाचणाऱ्या जुन्या बायॉसलाही तेवढेच कळत. म्हणजे १०२४ सिलिंडर, फार तर ८.४ जीबी. आमचे लिनक्स नेमके त्या हद्दीपलीकडे बसले होते! दुसऱ्या दिवशी सगळे पुसून डिस्कच्या अगदी पुढे ‘बूट’साठी २० एमबीचा हिस्सा काढला, आणि ‘लिलो’ची चारही अक्षरे उमटली.

आता जीपीटी ही वाटणीची नवी पद्धत आली, विंडोजवर तिच्यात १२८ हिस्से पाडता येतात. तरी तिच्याही पहिल्या सेक्टरमध्ये हा जुना तक्ता असतोच. जुन्या सॉफ्टवेअरने डिस्क रिकामी समजून पुसू नये, म्हणून त्यात एकच नोंद असते: सगळी जागा भरलेली आहे.