ऑक्झॅलोसिस आणि मूत्रपिंडरोपण : व्याधीच्या मूलस्थानाचा शोध

१९५४ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात यशस्वीपणे बसविले. तेव्हापासूनचा अवयवरोपणाचा इतिहास बहुधा परक्या अवयवाला होणाऱ्या शारीरिक विरोधाशी दिलेल्या झुंजीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बहुसंख्य व्याधींपुरती ही मांडणी योग्यच आहे. परंतु काही विरळ आनुवंशिक व्याधींत शरीराने न नाकारलेले मूत्रपिंडही नष्ट झाले, आणि त्या नाशाचा अर्थ लावताना व्याधी मुळात कोठे वसते, हाच प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला. प्राथमिक हायपरऑक्झॅल्युरियाचा पहिला प्रकार हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

दर दहा लाख लोकांत एक ते तीन जणांना जडणाऱ्या या व्याधीचे पहिले वर्णन १९२५ मध्ये लपूत्र या फ्रेंच वैद्याने केले. एका बालकाच्या मूत्रपिंडात अनेक खडे होतेच. शिवाय त्याच्या ऊतकांतही स्फटिक पसरलेले आढळले. १९५७ मध्ये आर्चर, डॉर्मर, स्कोवेन व वॉट्स यांनी इंग्लंडमध्ये या विकाराला चयापचयाचा जन्मजात दोष म्हणून निश्चित रूप दिले. शरीरात ऑक्झॅलेट प्रमाणाबाहेर तयार होते आणि ते बाहेर टाकण्याचा मार्ग जवळजवळ एकटे मूत्रपिंडच असल्याने प्रथम तेच बळी पडते. मूत्रपिंड निकामी झाल्यावर ऑक्झॅलेट अस्थी, नेत्रपटल, हृदय व रक्तवाहिन्या यांत साचू लागते. डायलिसिसने ते काही अंशी निघते, पण जितके निर्माण होते तितके निघत नाही.

मूत्रपिंड गेले, तर नवे द्यावे, हा विचार १९६० नंतरच्या दशकात स्वाभाविक होता. शिवाय १९६७ मध्ये कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्बोलिगेज एन्झाइमची उणीव यकृत, मूत्रपिंड व प्लीहा या तिन्ही ठिकाणी असल्याचे प्रतिपादन केले होते. दोष असा सर्वत्र विखुरलेला असेल, तर कोणता एक अवयव बदलावा हे ठरविण्यास आधारच उरत नव्हता. हे प्रतिपादन पुढे टिकले नाही. परंतु बराच काळ ते ग्रंथांत वावरत राहिले. रोपणाचे अनुभव मात्र निराळेच सांगत होते. १९६९ मध्ये देवधर व सहकाऱ्यांनी कौटुंबिक ऑक्झॅलोसिसच्या एका रुग्णातील रोपणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अशा वृत्तांतांतून नव्या मूत्रपिंडातही तेच स्फटिक साचतात, हे उघड होत गेले. अमेरिकेतील रोपण-नोंदवहीचा १९७५ चा अहवाल या व्याधीपुरता निराशाजनकच होता.

युरोपीय नोंदवहीने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे अधिक कठोर आहेत. ९८ प्रथम रोपणांपैकी मृत दात्याकडून घेतलेली मूत्रपिंडे तीन वर्षांनंतर शेकडा १७, तर जिवंत दात्याची शेकडा २३ इतकीच कार्य करीत होती. जिवंत दाता बहुधा घरातीलच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या २३ च्या आकड्यात किती कुटुंबांचे दुहेरी नुकसान दडले आहे, याची कल्पना येते. तथापि एवढ्यावरून केवळ मूत्रपिंडाचे रोपण व्यर्थ होते, असे म्हणणे घाईचे ठरेल. शाइनमन, नाजारियन व माउअर यांनी १९८४ मध्येच दाखविले होते, की रोपणापूर्वी कसोशीने डायलिसिस करून शरीरातील साठा कमी केला आणि पुढेही योग्य उपचार चालू ठेवले, तर काही रुग्णांत मूत्रपिंड टिकते. ज्यांचा दोष ब-६ जीवनसत्त्वाने सौम्य होतो, त्यांची स्थिती तर मुळातच वेगळी होती. सरसकट सरासरीत हे भेद पुसले जातात.

आजच्या पाठ्यपुस्तकांत पुढील क्रम सरळ रेषेत मांडलेला दिसतो : एन्झाइम सापडले, ते यकृतात असते असे कळले, म्हणून यकृत बदलण्यात आले. प्रत्यक्ष कालक्रम असा नाही. ग्लायॉक्झिलेटचे रूपांतर मुख्यतः यकृतात होते, या अनुमानावर विसंबून वॉट्स व केम्ब्रिजचे शल्यविशारद रॉय काल्न यांनी यकृत व मूत्रपिंड यांचे संयुक्त रोपण आधीच करून पाहिले होते. तो रुग्ण वाचला नाही. वृत्तांत १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. यकृतपेशींच्या पेरॉक्सिसोममधील ॲलनिन-ग्लायॉक्झिलेट ॲमिनोट्रान्स्फरेज या एन्झाइमची उणीव डॅनप्युअर व जेनिंग्ज यांनी सिद्ध केली ती १९८६ मध्ये, आणि संयुक्त रोपणाचे पहिले यश १९८७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे शस्त्रक्रियेचे धाडस पुराव्याच्या पुढे होते. १९८९ मध्ये तर डॅनप्युअर यांनी आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली. काही रुग्णांत एन्झाइम असते, पण पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाऊन पडते. माणूस हजर, पण भलत्याच दालनात, असा हा प्रकार.

संयुक्त रोपणाचे फल युरोपीय नोंदीत स्पष्ट उमटले. १९८४ ते २००४ या काळात ११७ रुग्णांवर १२७ यकृतरोपणे झाली. एक, पाच व दहा वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ८६, ८० व ६९ होते. हे आकडे रुग्णांच्या हयातीचे आहेत, १९९० चे मूत्रपिंडाच्या कार्याचे. दोन्ही सरळ शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नव्हे. यकृत बदलल्यानंतरही हाडांतला जुना साठा महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे, नव्या मूत्रपिंडातून बाहेर पडत राहतो, हेही विसरता येत नाही. आणि किंमतही मोठी होती : एका एन्झाइमसाठी, एरवी निर्दोष असलेले यकृत काढून टाकावे लागे. असे काढलेले यकृत दुसऱ्या गरजू रुग्णाला दिल्याचेही प्रयोग झाले. अशा एका प्रसिद्ध झालेल्या अनुभवात, ज्याला ते यकृत मिळाले त्याचे मूत्रपिंड झपाट्याने निकामी झाले. दोषाचे स्थान यकृत आहे, याचा इतका थेट पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेने दिलेला नाही.

याच्या उलट सिस्टिनोसिसचे उदाहरण आहे. तेथे दोष प्रत्येक पेशीत असतो. परंतु रोपण केलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी दात्याच्या असल्याने त्या मूत्रपिंडात मूळ व्याधी परतत नाही, मात्र डोळे, स्नायू इत्यादी इतर अवयवांतील सिस्टिनचा संचय चालूच राहतो.

२०२० मध्ये ल्युमासिरन या औषधाला युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली. यकृतातील ग्लायकोलेट ऑक्सिडेज या एन्झाइमची निर्मिती रोखून ते ऑक्झॅलेटचा उगमच आटविते. त्यामुळे काही रुग्णांत यकृत जागच्या जागी ठेवून केवळ मूत्रपिंडाचे रोपण करण्यात आले आहे. १९६९ च्या सुमारास जी शस्त्रक्रिया अयशस्वी ठरली, तीच आता निराळ्या आधारावर पुन्हा होत आहे. व्याधीच्या दुसऱ्या प्रकारात मात्र सदोष एन्झाइम केवळ यकृतापुरते मर्यादित नसते. तेथे या औषधाचा उपयोग होत नाही, आणि यकृत बदलावे की नाही याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही.