मांडीवरच्या कुत्र्याचं करणार कोण?

मकरपुऱ्यात आज कारखाने आहेत, एसटी डेपो आहे, आमच्यासारख्यांच्या सोसायट्या आहेत. खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात मात्र इथे हरणांचं राखीव रान होतं. पाळलेल्या चित्त्यांच्या डोळ्यांवरची पट्टी काढून त्यांना काळविटांवर सोडायचं, हा तेव्हाचा दरबारी खेळ. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी 1860 च्या दशकात बडोद्याला राहून गेला. त्याने ही चित्त्यांची शिकार आणि बडोद्याची साठमारी, दोन्हींबद्दल लिहून ठेवलंय. 1870 च्या सुमारास महाराजांनी उन्हाळ्यासाठी मकरपुरा पॅलेस बांधला. पुढे सयाजीराव महाराजांच्या वेळी चिझम या इंग्रज वास्तुकाराने तो वाढवला. सध्या तिथे हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे.

बी.ए.ला इतिहास शिकताना मला राजांची नावं पाठ करावी लागली. हत्तीला आंघोळ कोण घालत होतं, चित्त्याला वेळेवर पाणी कोण देत होतं, हे कोणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. जनावर राजाच्या नावावर, करणं मात्र माहुतांकडे आणि चित्तेवानांकडे. घरात छोटं कुत्रं आणायचा विषय निघाला की मला हेच आठवतं. माझ्या पुतणीला पग हवाय, म्हणून हल्ली हा विषय आमच्याकडे रोज निघतो.

आपल्याकडे कुत्रा पूर्वी दारातला. खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्ताभोवती चार कुत्रे, पण घरात त्याला उंबऱ्याबाहेर घास. इथल्या पोळांमध्ये ‘कूतरानी रोटली’ वेगळी लाटायची पद्धत आहे. गल्लीतली कुत्री व्याली की तिला शिरा करून घालतात. क्वचित एखाद्या कुत्र्याला राजाचा मान मिळाला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. पण खंड्या शिकारीचा, कामाचा कुत्रा. ज्याचं काम म्हणजे नुसतं जवळ बसणं, असं इवलंसं कुत्रं आपल्याकडे बाहेरून आलं.

त्याचं एक माहेर चीन. पेकिंगच्या बादशाही वाड्यात पेकिनीज कुत्री पाळत. त्यांची उस्तवार करायला वाड्यातले खोजे असत. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी तिथला उन्हाळी राजवाडा लुटला, तेव्हा त्यांना अशी पाच कुत्री सापडली. त्यातलं एक कॅप्टन डन याने व्हिक्टोरिया राणीला नजर केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘लूटी’. हा शब्द कुठला, ते तुम्हाला सांगायला नको. आपली ‘लूट’च इंग्रजीत गेली होती. लूटी 1872 पर्यंत विंडसरला राहिली. म्हणजे खंडेराव इथे मकरपुरा पॅलेस बांधत होते, तेव्हा ते लुटून आणलेलं कुत्रं तिकडे राणीच्या दिमतीतल्या माणसांच्या हातून जेवत होतं.

याच राणीने 1888 मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया भागावरून हे नाव पडलं. तोवर ही जात बरीच मोठी असे. राणीला लहान आवडला, म्हणून लोकांनाही लहान हवा झाला आणि पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लहानच निवडले. 1901 च्या जानेवारीत राणी शेवटच्या आजारात होती, तेव्हा तिने आपल्या तुरी नावाच्या पॉमेरेनियनला पलंगावर आणवलं होतं. एवढी माया! ती खरीच होती. पण तुरीला फिरवून आणणारा नोकर कोण, त्याचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही.

आपल्या गुजरातेतलं उदाहरण जुनागढच्या शेवटच्या नवाबाचं, महाबतखानांचं. त्यांच्याकडे शेकडो कुत्री होती. एकेकाला स्वतंत्र नोकर होता आणि एका जोडीचं थाटात लग्न लावलं होतं, अशा गोष्टी इथे अजून चवीने सांगतात. 1947 मध्ये ते कराचीला निघून गेले. कुत्र्यांचे नोकर मागे राहिले असतील, दुसरं काय!

मध्यमवर्गाच्या घरात हे लाडकं कुत्रं शिरलं ते इंग्रज गेल्यावर. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’ सिनेमात माधुरी, रीमा लागू, रेणुका शहाणे, लक्ष्मीकांत बेर्डे अशी आपली मंडळी होती, पण मुलांनी घरी येऊन मागितला तो टफी. तसा पांढराशुभ्र कुत्रा दिसला की आपण ‘पॉमेरेनियन’ म्हणतो. बहुतेक वेळा तो इंडियन स्पिट्झ असतो, विलायती पॉमपेक्षा मोठा आणि इथल्या हवेला सरावलेला. आमचा मोती त्यातलाच, नऊ वर्षांचा. मग 2003 मध्ये हच कंपनीची जाहिरात आली. पोराच्या मागेमागे चालणारा पग सगळ्यांना हवासा झाला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या, तोंडातला ओलावा उडवायचा आणि अंग थंड करायचं, ही त्याची रीत. पगचं नाक माणसांनी निवडून निवडून इतकं आखूड केलंय की त्याला हे नीट जमत नाही. बडोद्यात मे महिन्यात पारा 42-43 ला जातो. दुपारी वीज गेली तर आपण पदराने वारा घेतो, त्याने काय करायचं? आपल्या डोळ्यांना गोड दिसावं म्हणून एका जिवाचा श्वास अडला, हे मला पुतणीला स्पष्ट सांगावंसं वाटतं.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाठशाळेत हे आपण बैलासाठी शिकलो. ओट्याशी उभं राहून वाचलं तर घरातल्या कुत्र्यालाही लागू पडतात. दिवसभर गॅलरीत बांधून ठेवणं हा बंध. शोभेसाठी शेपूट-कान कापणं हा छेद. ‘आज राहून गेलं’ म्हणत पाण्याचं भांडं कोरडं ठेवणं हा अन्नपाननिरोध. आणि कुत्रीला वर्षामागून वर्ष पिल्लांसाठी वापरणं, याला मी तरी अतिभारच म्हणेन. 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू घ्यायचंच असेल, तर आधी त्याची आई बघायला मागा. दाखवत नसतील तर उठून या.

आपल्या स्वयंपाकघराचा एक फायदाही आहे. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक असतो. ज्या घरात तो येतच नाही, तिथे ही काळजी मिटली. मात्र द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला बाधतात, चॉकलेटही विषच. प्रसादाच्या ताटलीवर लक्ष ठेवा. पोळी-भात मोती आनंदाने खातो. कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे 2013 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. माणसाच्या घासावरच तो कुत्रा झाला म्हणायचा. पण नुसत्या पोळीवर त्याचं भागत नाही, आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आता मूळ प्रश्न. वाड्यातलं कुत्रं आपल्या दोन खोल्यांत आलं, पण त्याचे नोकर वाड्यातच राहिले. त्यांची जागा कोणी घेतली, ते तुम्ही जाणता. हट्ट मुलांचा, पैसे वडिलांचे, फोटो सगळ्यांचे. आणि सकाळी साडेपाचला दाराशी उभं राहून कुंई-कुंई करतं ते घरातल्या बाईकडे बघून. दर वर्षी रेबीजची लस, छोट्या जातींचे लवकर किडणारे दात, निसटणारी गुडघ्याची वाटी, केस विंचरणं, पावसात पाय पुसणं. हे एक-दोन महिन्यांचं काम नव्हे. छोटी कुत्री बारा-पंधरा वर्षं सहज जगतात. आज दहावीत असलेल्या मुलीने हट्ट केला, तर ती नोकरीला लागेल, कदाचित सासरीही जाईल, तरी कुत्रं आईपाशीच असेल.

मी नको म्हणत नाही. मोती माझ्या पायाशी झोपतो आणि दुपारचं घर त्याच्यामुळे रिकामं वाटत नाही. पण माझ्या जावेला मी एवढंच सुचवलंय की पिल्लू बघायला जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवायचं आणि कागदावर लिहायचं: सकाळी कोण नेणार, रात्री कोण नेणार, डॉक्टरकडे कोण, सुट्टीत गावाला गेलो तर कोण. प्रत्येक कामापुढे नाव हवं. सगळीकडे तिचंच नाव आलं, तर त्या घराची अजून कुत्रं आणायची तयारी झालेली नाही. पुतणीने कालपर्यंत त्यात सकाळची फेरी स्वतःच्या नावावर लिहिली आहे, आणि पगच्या जागी ‘इंडियन स्पिट्झ, किंवा सोसायटीतलं एखादं पिल्लू’ असं. वडिलांच्या नावापुढचा रकाना अजून रिकामा आहे. तो भरेपर्यंत पिल्लू येणार नाही, असं जाऊबाईंनी सांगून टाकलंय.