शेजाऱ्यांसाठी घेतलेली गोळी

गडचिरोलीला कामाला होतो तेव्हा मला मलेरिया झाला होता, ही गोष्ट घरच्यांना पाठ आहे. फॅल्सिपेरम. ताप उतरल्यावर डॉक्टरांनी प्रायमाक्विनचा एक डोस दिला. "आता कशाला?" म्हटलं. ते म्हणाले, "हा तुमच्यासाठी नाही, शेजाऱ्यांसाठी."

त्या वाक्याचा इतिहास शोधत गेलो तर थेट अल्जीरियात पोचलो. ६ नोव्हेंबर १८८०, कॉन्स्टँटिनचं लष्करी इस्पितळ. पस्तीस वर्षांचे डॉक्टर लाव्हराँ एका तापकरी सैनिकाचं ताजं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. एका गोल कणातून अचानक शेपटीसारखे तंतू बाहेर आले आणि चाबकासारखे फटकारायला लागले. हे जिवंत आहे, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. रक्त वाळवून, रंगवून बघणाऱ्याला हे दिसलंच नसतं, कारण तोवर जंतू मेलेला असतो.

पण ते तंतू म्हणजे काय? याचं उत्तर १८९७ मध्ये मॅकॅलम या विद्यार्थ्याने दिलं, तेही कावळ्यांच्या रक्तातल्या मलेरियाच्या एका चुलतभावात. तंतू सुटून शांत बसलेल्या दुसऱ्या गोळ्यात शिरला! म्हणजे ते नर होते. (त्याच वर्षी रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात जंतू पाहिला. शाळेत आपल्याला तेवढंच शिकवतात. असो.)

हे लग्न लागतं डासाच्या पोटात. मग लाव्हराँना ते काचेवर कसं दिसलं? मला तर हे सगळ्यात गमतीचं वाटतं. काचेवर रक्त थंड होतं, हवा लागून त्याची आम्लता कमी होते, आणि जंतूला वाटतं, आलो डासात! बिचारा फसतो. खऱ्या डासात गारव्याच्या जोडीला झँथुरेनिक आम्ल असतं, हे १९९८ मध्ये कळलं.

आणि हा निरोप आत पोचवतं कोण? कॅल्शियम. इशारा मिळाल्यावर काही सेकंदांतच जंतूच्या पेशीत कॅल्शियम उसळतं, आणि ते सीडीपीके-४ नावाच्या एन्झाइमला जागं करतं. मग दहा-पंधरा मिनिटांत डीएनएच्या तीनदा प्रती निघून एका पेशीतून आठ नर बाहेर पडतात. ओलिव्हर बिलकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदरांच्या मलेरियातून या एन्झाइमचं जनुकच काढून टाकलं. उंदराच्या रक्तात जंतू आरामात वाढला, पण डासात नर काही झाले नाहीत. वंश तिथेच संपला. या जातीची एन्झाइम्स झाडांत सापडतात, माणसात नाहीत, म्हणून औषध शोधणाऱ्यांचा डोळा त्यांच्यावर आहे. २०१२ मध्ये हे एन्झाइम अडवणारी रसायनं प्रयोगशाळेत चालली, पण औषधाच्या दुकानापर्यंत अजून काही आलेलं नाही.

आलं तरी अडचण आहेच. अशा औषधाने रुग्णाचा ताप उतरणार नाही, फक्त त्याला चावलेल्या डासाकडून पुढे कोणाला मलेरिया होणार नाही. बरं वाटत असताना, खिशातले पैसे घालून, अनोळखी माणसासाठी औषध कोण घेईल? मी घेतलं, पण खरं सांगायचं तर डॉक्टर समोर उभे होते म्हणून.